शब्दाचे शेजारी

(स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांपुढे अभ्यासिकेत दिलेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

आल्या आल्या एकाने मला वही दाखवली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोजचे वीस. अशी वही माझ्याकडेही होती. ती भरली आणि इंग्रजी होतं तिथंच राहिलं. इंग्रजी अग्रलेखातला शब्द मी त्याच्या शेजारपाजारातून उचलून वहीत एकटा आणून ठेवत होतो ना!

‘सँक्शन’ घ्या. वहीत ‘मंजुरी’ लिहिलंय. कर्ज सँक्शन होतं, तिथे ठीक. पण अमेरिकेने रशियावर सँक्शन्स लादली, असं वाचलं की काय करणार? मंजुरी लादतात का कुणी? तिथे ते निर्बंध. ‘ओव्हरसाइट’ही तसाच दुतोंडी. संसदेचा ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, कारकुनाचा म्हणजे नजरचूक. आधी ‘ॲन’ लागला असेल तर बहुधा नजरचूकच समजा.

माझा लाडका शब्द मात्र ‘टेबल’. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात विधेयक ‘टेबल’ झालं म्हणजे सभागृहात मांडलं गेलं. अमेरिकेतल्या पेपरात तेच वाचलंत तर ते बाजूला सारलं, लांबणीवर टाकलं. शब्द तोच, अर्थ उलटा! आपला अर्थ विसरायला होत असेल तर मराठीतलं ‘पटलावर ठेवणे’ आठवा.

म्हणून सांगतो, आधी मराठी अग्रलेख वाचा. हसू नका. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, बदलला की इंग्रजीत अग्रलेख येतो, तसा मराठीतही येतो. विषय आधी समजला असला की ‘हॉकिश’ आणि ‘डोव्हिश’ला कोश लागत नाही. महागाईला वेसण घालायला दर चढे ठेवा म्हणणारा ससाणा, दर उतरवा म्हणणारं कबुतर. ‘हेडविंड’ म्हणजे समोरून येणारा वारा. होडीत बसलेल्या कोकणातल्या पोराला तो समजावून सांगायला नको.

दोन्ही भाषा शेजारी ठेवून वाचायची ही युक्ती माझी नाही. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हा पानावर एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी होता. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्रच द्विभाषिक!

वही फेकू नका, पण तिच्यात अख्खं वाक्य उतरवा. ‘पर्व्ह्यू’ सहसा एकटा येत नाही, आगेमागे बहुधा ‘विदिन द’ आणि ‘ऑफ’ घेऊन येतो. आपण ‘माहिती अधिकाराच्या कक्षेत’ म्हणतो, तसा.

आणि एक. रोज एकच अग्रलेख. पहिल्या वाचनात कोश मिटलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच अग्रलेख न बघता पाच ओळींत इंग्रजीत लिहून काढा. कालचे दोन शब्द आपणहून आले तरी पुष्कळ. न आलेल्यांसाठी जीव काढू नका; रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दर दोन महिन्यांनी येतं, तेच शब्द पुन्हा भेटतील.