वैद्यकीयचे पहिले वर्ष आणि पुढे ढकललेले जगणे

नमस्कार, श्रोतेहो.

ज्यांच्या घरातून यंदा मुलगा किंवा मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला गेली आहे, अशा आईवडिलांशी आणि त्या मुलामुलींशी आज मला बोलायचे आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे शरीराचे अवयव काम कसे करतात याचे शास्त्र, शिकवते. हा विषय पहिल्याच वर्षी असल्यामुळे नुकतेच घर सोडून आलेले विद्यार्थी आमच्या विभागात दर वर्षी येतात, आणि त्यांच्या अभ्यासाइतकेच त्यांचे जेवणखाण, झोप, मैत्री आणि घरची ओढ हेही आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर घडत असते.

या मुलांनी आमच्याकडे येण्याआधी दोन वर्षे, काहींनी तीन वर्षे, आपले जगणे पुढे ढकललेले असते. लातूर, नांदेड, पुणे अशा ठिकाणी खोली घेऊन त्यांनी शिकवणी वर्ग केलेले असतात, सणाला घरी जाणे टाळलेले असते, घरातल्या लग्नाला अक्षता पडेपर्यंत थांबून रात्रीच्या गाडीने परत आलेले असतात. ‘एकदा नंबर लागू दे, मग काय हवे ते कर’ हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. हे सांगणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही, कारण २०२४ साली नीटच्या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि एवढ्या गर्दीत जागा मिळवायची तर काही सोडावेच लागते. पण नंबर लागल्यानंतर समोर उभे राहते ते साडेचार वर्षांचे शिक्षण, त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिप, मग पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आणि तिथे प्रवेश मिळाला तर आणखी तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम. ‘नंतर जगू’ हीच सवय चालू ठेवली तर ते ‘नंतर’ तिशीच्या आसपास जाऊन पोहोचते. म्हणून ही सवय पहिल्या वर्षातच मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि ती मोडल्याने अभ्यासाचे नुकसान होते हा समज चुकीचा आहे, हे मला आज जरा विस्ताराने सांगायचे आहे.

अभ्यासाचा भार खराच मोठा आहे, तो कमी करून सांगण्यात अर्थ नाही. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मुख्य विषय एका वर्षात पूर्ण करायचे असतात. पूर्वी याच विषयांसाठी दीड वर्ष मिळत असे. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांनी तो काळ एका वर्षावर आणला. आधीच्या पिढीतले डॉक्टर जेव्हा ‘आम्ही तर क्रिकेट खेळून, नाटके करून पास झालो’ असे सांगतात, तेव्हा हा सहा महिन्यांचा फरक त्यांच्या लक्षात नसतो. शिवाय सिद्धान्ताच्या तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, प्रथम वर्ष उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात जाता येत नाही आणि त्यासाठी जास्तीत जास्त चारच प्रयत्न मिळतात. दर काही आठवड्यांनी ‘पार्ट एंडिंग’, म्हणजे अभ्यासक्रमाचा एक भाग संपल्यावरची परीक्षा, येते, तिच्या तोंडी परीक्षेत समोर हाडे मांडलेली असतात, आणि कालपर्यंत चार पर्यायांतून एक निवडण्यात तरबेज असलेल्या मुलाला एखादे हाड हातात धरून सलग पाच मिनिटे बोलायचे असते. भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

तरीही वेळच नसतो हे म्हणणे एकदा हिशेब करून तपासून पाहावे. आठवड्याचे तास १६८. महाविद्यालयातले तास आणि प्रात्यक्षिके यांना साधारण ४० तास जातात. रोज सात तास झोप धरली तर ४९ तास झाले. आंघोळ, जेवण, कपडे धुणे, येणे-जाणे यांना रोजचे तीन तास धरले तर २१ झाले. रोज चार तास मन लावून स्वतःचा अभ्यास केला, रविवारीसुद्धा केला, तर २८ झाले. एवढे सगळे करूनही आठवड्याला ३० तास उरतात. मी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मुले आधी विश्वास ठेवत नाहीत. मग ते तास जातात कुठे, याचा शोध त्यांनी स्वतःच घ्यावा असे मी सुचवते, आणि बहुतेकांना उत्तर मोबाइलमध्ये सापडते. पण दोष एकट्या मोबाइलचा नाही. पुष्कळसा वेळ धड अभ्यास नाही आणि धड विश्रांती नाही अशा अवस्थेत जातो. पुस्तक उघडे असते, पान तेच असते, मेसमध्ये जायला उशीर झालेला असतो, मित्र चहाला बोलावतो तर नाही म्हटले जाते, आणि रात्री बारा वाजता दिवसभर अभ्यासच केला असे वाटत राहते. अशा दिवसातून ना ज्ञान हाती लागते ना आनंद.

याचे एक मोठे कारण अभ्यासाच्या पद्धतीत आहे. बहुतेक मुले धडा पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना ओळखीचे वाटते, म्हणून आले असे वाटते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने पुस्तक बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पार्ट एंडिंग पाच मिनिटांनी होत नसते, त्यामुळे आपल्या उपयोगाचा निकाल दुसरा आहे. हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे ते गुंतागुंतीचे जाळे, ज्याला मुले ‘ब्रॅकियल प्लेक्सस’ म्हणून घाबरतात, ते दहा वेळा बघण्यापेक्षा कोऱ्या कागदावर तीन वेळा स्वतः काढावे, चुकलेले लाल शाईने सुधारावे आणि दोन दिवसांनी पुन्हा काढावे. याला वेळ कमी लागतो, त्रास मात्र जास्त होतो, आणि तो त्रास टाळण्यासाठीच आपण नकळत पुन्हा वाचत बसतो. जो विद्यार्थी हे शिकतो त्याची संध्याकाळ मोकळी होते. वैयक्तिक आयुष्यासाठी वेळ कुठून काढायचा, या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले सर्वांत खरे उत्तर हेच आहे.

आता झोपेविषयी बोलते, कारण तो माझ्या विषयाचा भाग आहे. दिवसभरात शिकलेली गोष्ट मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने तात्पुरती धरली जाते, आणि ती पक्की होण्याचे, मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, दीर्घकाळासाठी रुजण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी त्या रात्री वाचलेले तर नीट धरू शकत नाहीच, शिवाय आधीच्या दिवसांचे आठवून मांडण्याची शक्तीही गमावतो. रात्री अकराला वसतिगृहाबाहेरच्या टपरीवर घेतलेली कडक कॉफीसुद्धा तिथेच संपत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारला त्यातले निम्मे अजून रक्तात असते. हे सारे मुले माझ्याच विषयात शिकतात, त्यावर उत्तम उत्तरे लिहितात, आणि ती उत्तरे लिहिण्यासाठी रात्रभर जागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विच्छेदन कक्षाबद्दल घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलेमुली पहिल्याच महिन्यांत मृतदेहासमोर उभी राहतात. त्याआधी त्या देहाचा आदर राखण्याची शपथ दिली जाते. देह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिन या रसायनाने डोळ्यांतून पाणी येते, कपड्यांना वास राहतो, आणि काहींना कित्येक दिवस जेवण जात नाही. काही मुले थट्टा करून ते दडपतात, काही गप्प होतात. ज्यांच्या घरात नुकतेच आजोबा किंवा आजी गेलेली असते, त्यांना हे अधिक जड जाते. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ अनेक वर्षे निष्ठेने चालली आहे, आणि तो देह कुणीतरी जिवंतपणी विचार करून आपल्यासाठी ठेवला आहे हे समजले की बऱ्याच मुलांचे मन स्थिर होते. पण त्यासाठी त्यांना कुणाशी तरी बोलता आले पाहिजे. मुलीने फोनवर हा विषय काढला तर ‘जेवायच्या वेळी ते नको’ म्हणून तो बंद करू नका. तिला त्या वेळी दुसरे काही नको असते, फक्त ऐकणारे माणूस हवे असते.

दुसरा धक्का गुणांचा असतो. दीडशे किंवा दोनशे मुलांच्या वर्गात जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो, आणि आता त्यांतले शंभर जण आयुष्यात प्रथमच वर्गाच्या मध्यावर किंवा मागे असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटते की इंग्रजीमुळे आपण मागे पडलो. त्यांना मी सांगते की रचनाशास्त्रातली निम्मी नावे लॅटिन आणि ग्रीक आहेत आणि ती मुंबईच्या कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलालाही तितकीच नवीन आहेत. विषय मराठीत समजून घ्यावा, मित्राला मराठीत समजावून सांगावा, आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहिण्याचा सराव रोज करावा. शंका विचारताना वाक्य मराठीत आले तर कुठलाही चांगला शिक्षक ते अडवत नाही.

पालकांनो, आता थोडे तुमच्याविषयी. रोज रात्रीचा फोन ‘अभ्यास झाला का’ या प्रश्नाने सुरू होत असेल, तर हळूहळू तो फोन मुलाला आणखी एक तोंडी परीक्षा वाटू लागतो आणि तो उचलणे टाळले जाते. मेसमध्ये आज काय होते, खोलीतला जोडीदार कसा आहे, पाऊस किती आहे, असे विचारा. गावाकडचे, शेजारचे, घरातल्या गुराढोरांचेही सांगा. आणि एक कळकळीची विनंती आहे: दिवाळीला चार दिवस घरी आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलासमोर नातेवाइकांचे रिपोर्ट ठेवू नका. औषधांचा अभ्यास त्याने अजून सुरूही केलेला नसतो, आणि येत नाही म्हणताना त्याला आपण सगळ्यांना निराश केले असे वाटते.

उरलेल्या तासांत काय करावे हे मी सांगणार नाही. तबला शिकलेल्याने तबला वाजवावा, खेळणाऱ्याने खेळावे, ज्याला नुसते मित्रांबरोबर चालायचे आहे त्याने चालावे. एवढेच म्हणेन की बारावीच्या आधी जे सोडले होते, त्यांतले एक तरी पहिल्या सत्रातच परत हाती घ्यावे. दुसऱ्या वर्षी रुग्णालयातले वॉर्ड सुरू झाले की नवी सुरुवात करणे कठीण जाते. विद्यार्थ्याचे राहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, असा विचार करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. सेवाग्रामच्या १९६९ साली सुरू झालेल्या महाविद्यालयात नवे विद्यार्थी सुरुवातीचे काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात, प्रार्थना आणि श्रमदान करतात, आणि पुढे गावात शिबिरासाठी राहतात. आता देशभर पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना काही कुटुंबे, त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्यासाठी, दत्तक म्हणून दिली जातात. पुष्कळ मुले त्याकडे हजेरीची आणखी एक कटकट म्हणून पाहतात. माझा अनुभव असा की ज्यांनी त्या घरी खरोखर जाऊन चहा घेतला, गप्पा मारल्या, त्यांना आपण हा अभ्यास कशासाठी करतो आहोत याचा विसर कमी पडला.

शेवटी एक गंभीर गोष्ट. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठी स्वेच्छेने माहिती देणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झालेले असल्याचे नोंदवले, आणि सुमारे १६ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. चारपाच दिवस उदास वाटणे निराळे. पण दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तासांना जाणे बंद झाले असेल, आंघोळ करण्याचेही मन होत नसेल, तर तो आळस नाही. खोलीतल्या मित्राने हे पाहिले तर त्याने वाट न पाहता वॉर्डनना किंवा त्या विद्यार्थ्याच्या मार्गदर्शक शिक्षकांना सांगावे. मानसोपचार विभाग तर आपल्याच रुग्णालयात असतो. तिथे ओळखीचे भेटतील असा संकोच वाटत असेल तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा असते, आणि ती देऊन पुढे गेलेले कित्येक जण आज उत्तम डॉक्टर आहेत. परीक्षा तोंडावर आली असतानाही मुलाने ‘दोन दिवस घरी येऊ का’ असे विचारले, तर कारण न विचारता त्याला ये म्हणा, आणि स्थानकावर घ्यायला जा.

नमस्कार.