डीपीएफचा दिवा लागला तर

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकमध्ये माझं गॅरेज आहे, 28 वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका बाई डिझेल गाडी घेऊन आल्या. गाडी 2021 सालची, हातात दुसऱ्या एका वर्कशॉपचं एस्टिमेट. डीपीएफ बदलायचा, खर्च लाखाच्या वर. "दादा, विकूनच टाकू का गाडी?" एवढंच त्यांनी विचारलं. असे कागद हल्ली दर आठवड्याला माझ्यापुढे येतात, म्हणून आज बोलायला बसलोय.

डीपीएफ म्हणजे इंजिनाला लागून बसवलेली सिरॅमिकची गाळणी. धूर तिच्या बारीक भिंतींतून पाझरत जातो, काजळी आत अडकते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचा नवा नियम, लागू झाला. डिझेल कारला आधी किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती साडेचारवर आली. गाळणीशिवाय हे जमत नाही. मला हा नियम जाचक वाटत नाही. द्वारका चौकात सिग्नलला उभे राहा आणि शाळेच्या रिक्षातली पोरं बघा. गाड्यांचे सायलेन्सर नेमके त्यांच्या नाकाजवळ येतात.

गाळणी भरत आली की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडते, उष्णता 600 अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं गाडी एका लयीत पळायला हवी. बाईंची शाळा घरापासून चार किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत गाडी बंद. म्हणजे रोज जाळायला सुरुवात व्हायची आणि रोज ती अर्ध्यावर सुटायची. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि बोटाला डिझेलचा वास. न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. असं पातळ ऑइल इंजिनात हवा कोंबणारा टर्बो आणि बेअरिंग खाऊन टाकतं, आणि तो खर्च गाळणीपेक्षाही मोठा.

स्कॅनर लावला. गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांत फरक खूप, म्हणजे ती तुंबलेली, हे खरं. पण एवढी काजळी येते कुठून? टर्बोकडून येणाऱ्या रबरी होजच्या खालच्या अंगाला हात फिरवला, तर बोटं काळी, तेलकट झाली. क्लॅम्पच्या कडेला बोटभर चीर. हवा तिथून निसटत होती आणि डिझेल अर्धवट जळत होतं. नवी गाळणी बसवली असती, तर तीही काही महिन्यांत भरली असती.

होज बदलला. ऑइल आणि फिल्टर नवे घातले. ऑइल कमी राख होणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्यायचं, कारण काजळी जळते, पण राख जळत नाही, ती गाळणीत बसूनच राहते. मग स्कॅनरवरून गाळणी जाळून साफ केली आणि सिन्नरच्या रस्त्याला गाडी पळवून आणली. दिवा विझला. बिल एस्टिमेटच्या दहाव्या हिश्शातही बसलं. प्रत्येक गाळणी अशी वाचत नाही. आतला सिरॅमिक वितळला किंवा फुटला असेल तर बदलावीच लागते. मात्र आधी कारण विचारा, आणि ते सापडेपर्यंत एस्टिमेटवर सही करू नका.

"गाळणी काढून टाकतो, प्रोग्रॅम बदलतो, परत कटकट नाही," असं सांगणारेही भेटतील. त्यांना हात जोडा. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत असा बदल करू देत नाही, आणि तो काळा धूर त्याच पोरांच्या नाकात जातो.

पेट्रोलवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर तशीच दामटू नका. एखादा प्लग किंवा कॉइल गेली की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून तो इतका महाग. बहुतेक वेळा साध्या प्लगवर भागलं असतं.

पीयूसी नसेल तर दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो, हे बहुतेकांना माहीत आहे. पण गाडी न तपासता कागद देणाऱ्याकडे जाऊ नका. नळी सायलेन्सरमध्ये घालून, इंजिन गरम असताना तपासणी करून घ्या आणि आकडे वाचा. बीएस-4 आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के. मागच्या खेपेपेक्षा आकडा वाढला असेल, तर दिवा लागायच्या आधीच बिघाड कळतो.

बाई आता दर रविवारी आईला भेटायला सिन्नरला जातात, गाडी घेऊन. तुमची डिझेल गाडी गावातल्या गावातच फिरत असेल, तर उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक ओढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसलं, तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

नमस्कार.