दहा सेकंदांच्या पट्टीबाहेर

(पहाट. नळावर हंडा भरतोय.)

पाणी भरता भरता आजी थांबल्यात. हात छातीवर. "पाखरू अडकल्यागत फडफडतं," म्हणतात. दवाखाना गाठेपर्यंत सगळं शांत. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, नॉर्मल. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल.

ईसीजी खोटं बोलत नाही. पण तो साधारण दहा सेकंदांचा, आणि दिवसाचे ठोके लाखाच्या घरात.

(जुना फोटो.)

हे गृहस्थ नीट बघा. अंगात कोट, आणि दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात! नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोव्हेन हृदयाची वीज अशी टिपत. यंत्र सुमारे 270 किलोचं, चालवायला पाच माणसं. चुंबकात ताणलेली क्वार्ट्झची तार केसाहून बारीक, वर चांदीचा मुलामा. ठोक्यागणिक ती हलायची, तिची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. एवढं धूड रुग्णालयात नेणार कोण? मग दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने ठोकेच प्रयोगशाळेत आणले. 1924 साली नोबेल मिळालं.

पुढे अमेरिकेत मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचे ठोके टिपायचं ठरवलं. पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं, वजन 38 किलो.

(आजींच्या कमरेला डबी.)

तेच आता एवढंसं. छातीवर चिकटपट्ट्या, 24 तास अंघोळ नाही. आजींना तेवढंच जड गेलं. धडधडलं की वेळ वहीत लिहायची. लिहायला नातू आहे.

(संगणकाच्या पडद्यावर आलेख.)

प्रत्येक उंच टोकाआधी हा छोटा उंचवटा दिसतो? हृदयाचे वरचे कप्पे आकसल्याची ती खूण. आता पुढे बघा. उंचवटे गायब, टोकांमधलं अंतर कधी बोटभर, कधी नखाएवढं. वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतायत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात.

मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी पाहिली, तरी हा बेताल हाताला लागू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, सवड लागते.

पडद्यावरची वेळ, पाच चाळीस. नातवाच्या वहीत, पाच चाळीस: "आजी पाणी भरत होती."