जत्रेच्या दारातली पाटी

नमस्कार श्रोतेहो.

माझी मुलगी डॅलसला असते, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. सप्टेंबर संपत आला की तिच्या घरी एकच विषय सुरू होतो, स्टेट फेअर. नात मात्र मला फोनवर 'आजोबा, जत्रा' असंच सांगते, आणि ती जत्राच आहे. १८८६ पासून भरते, २४ दिवस चालते. पाळणे, गुरांची प्रदर्शनं, मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं काडीवरचं सॉसेज, आणि मध्यभागी 'बिग टेक्स' नावाचा ५५ फुटी काऊबॉय, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणारा.

१४ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी याच जत्रेत, खाण्याच्या स्टॉलपाशी गोळीबार झाला. तीन जण जखमी झाले. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. मुलगी-जावई नातीला घेऊन दुपारीच जाऊन आले होते, हे कळायला मला चार वेळा फोन लावावा लागला. ती दहा-पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही. आज या विषयावर बोलतोय तो त्यामुळेच.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, आयोजकांनी जाहीर केलं की यंदा जत्रेत बंदूक आणायची नाही, परवाना असला तरी नाही. सूट फक्त आजी-माजी पोलिसांना. त्यावरून मोठं वादळ उठलं. सत्तरहून जास्त रिपब्लिकन आमदारांनी निर्णय मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं आणि राज्याचे महाधिवक्ता केन पॅक्स्टन कोर्टात गेले.

आता गंमत बघा, म्हणजे कायद्यातली गुंतागुंत बघा. जत्रा भरते ते फेअर पार्क २७७ एकरांचं आहे आणि ते डॅलस शहराच्या मालकीचं. जत्रा भरवणारी संस्था मात्र खासगी, ना-नफा तत्त्वावरची. ती शहराकडून जागा भाड्यानं घेते. टेक्सासमध्ये खासगी जागेचा मालक दारात पाटी लावून 'बंदूक घेऊन आत येऊ नका' असं म्हणू शकतो. सरकारी संस्थेला ती मुभा नाही. २०१५ च्या कायद्यानं तसं स्पष्ट केलं, आणि नगरपालिकेनं बेकायदा पाटी लावलीच तर पहिल्या दिवसाला हजार ते दीड हजार डॉलर आणि पुढे रोजचे दहा हजारांवर दंड ठेवला. मग शहराच्या जागेवर खासगी भाडेकरूनं लावलेली पाटी कुणाची धरायची?

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. हा प्रश्न कानावर पडला तेव्हा मला पहिल्यांदा सातबाराच आठवला. आपल्या जमीन महसूल संहितेत भोगवटादार वर्ग १, भोगवटादार वर्ग २ आणि सरकारी पट्टेदार असे वेगवेगळे प्रकार आहेत. जमीन तीच, माती तीच, पण उताऱ्यावर काय लिहिलंय त्यावर माणसाचा हक्क ठरतो. कित्येकांना वाटायचं, आपण वर्षानुवर्षं कसतोय म्हणजे सगळं आपलंच. मग उतारा दाखवायचो, तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात नेमकं हेच घडलं. अटलांटाची बोटॅनिकल गार्डन शहराच्या जमिनीवर आहे, पण दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं, म्हणजे भाडेकरारानं, एका खासगी संस्थेकडे आहे. २०१४ मध्ये एक परवानाधारक गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून बागेत आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. प्रकरण जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की आधी पट्टा वाचा. त्या पट्ट्यानं संस्थेला मुदतीपुरता जमिनीतलाच हक्क मिळाला असेल तर जागा तेवढ्या काळापुरती खासगी, मग त्यांना बंदूक अडवता येईल. नुसती वहिवाट मिळाली असेल, म्हणजे वापरा आणि परत करा एवढंच असेल, तर जागा शहराचीच, मग अडवता येणार नाही. तिथला ढोबळ नियम असा की पाच वर्षांहून कमी मुदतीचं भाडं म्हणजे नुसती वहिवाट.

याचा परिणाम किती विचित्र होतो पाहा. या बागेला लागूनच पिडमॉन्ट पार्क आहे, तेही शहराचंच. तिथे 'म्युझिक मिडटाउन' नावाचा संगीत महोत्सव भरायचा. दोन दिवसांसाठी मैदान घेणाऱ्याकडे कसला आलाय जमिनीतला हक्क? २०२२ मध्ये महोत्सव दीड महिन्यावर आला असताना रद्द झाला. आयोजकांनी 'आमच्या हाताबाहेरची कारणं' एवढंच म्हटलं. तिथल्या वर्तमानपत्रांनी मात्र बंदुकीच्या कायद्याकडे बोट दाखवलं. कलाकारांच्या करारात शस्त्रबंदीची अट असते आणि आयोजकांना ती पाळणं शक्य नव्हतं. कुंपणाच्या एका बाजूला संस्थेला आपला पट्टा पुढे करता येतो, दुसऱ्या बाजूला हजारोंची गर्दी जमवणाऱ्याकडे पुढे करायला काहीच नाही.

पुन्हा टेक्सासकडे येतो. याच पॅक्स्टन यांनी २०१६ मध्ये लेखी मत दिलं होतं की सरकारी जागा भाड्यानं घेतलेली खासगी संस्था बंदुकीला मनाई करू शकते, फक्त त्या निर्णयात सरकारचा हात नसावा. २०२४ मध्ये त्यांनी ते मत मागे घेतलं. आठ वर्षं लोक ज्या मतावर विसंबून चालले, ते जत्रेच्या तोंडावर काढून घेणं मला पटत नाही. जत्रेतल्या बंदूकबंदीला पॅक्स्टन यांनी मागितलेली स्थगिती डॅलसच्या न्यायाधीशांनी नाकारली, वरच्या कोर्टानंही नाकारली, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी, २६ सप्टेंबरला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही. एक लक्षात घ्या, तो फक्त तातडीची स्थगिती नाकारण्याचा आदेश होता. हक्काचा निवाडा त्यात झालेला नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, परवानाधारक माणूस कायदा पाळणारा असतो, रात्री गाडीपर्यंत एकटी चालत जाणारी बाई पिस्तूल बाळगते ती स्वतःच्या जिवासाठी. आणि शहराला जे करायला बंदी आहे, ते शहरानं भाडेकरूच्या आडून करायचं का? हा प्रश्न रास्त आहे. भाडेकरू नावापुरता असेल आणि निर्णय पालिकेचाच असेल, तर ती पाटी पालिकेचीच धरावी.

पण संस्था खरीखुरी स्वतंत्र असेल, तिकीट तिचं, सुरक्षारक्षक तिचे आणि काही झालं तर जाब तिलाच विचारणार असाल, तर दारात कुणाला काय घेऊन सोडायचं हे ठरवायचा हक्कही तिलाच हवा. आणि तो कायद्यात सरळ शब्दांत लिहावा. पट्ट्याचा कागद जत्रेला येणाऱ्या एकाही माणसानं पाहिलेला नसतो. त्याच्या नवव्या की दहाव्या कलमावर नातीची सुरक्षितता टांगून ठेवायची, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे ही अडचण येत नाही. आपल्या शस्त्र परवान्यावरच अट छापलेली असते की जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय परवानाधारकानं शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सार्वजनिक जमावात न्यायचं नाही. मैदान नगरपालिकेचं आहे की देवस्थानाचं, हे तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, तेव्हा आपली अट तिथे उचलून लावता येणार नाही, हे मला कळतं. तरी अट लिहिणाऱ्यानं 'जत्रा' हा शब्द आवर्जून घातला, याचं मला प्रत्येक वेळी बरं वाटतं.

२०२४ च्या जत्रेला मुलगी पुन्हा गेली. आधी जायचंच नाही म्हणत होती, नातीनं ऐकलं नाही. दारातल्या पाटीचा फोटो तिनं मला पाठवला. टेक्सासच्या कायद्यानुसार अशा पाटीची अक्षरं किमान इंचभर उंच लागतात, आणि मजकूर इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत. फोटोत पाटीखाली नात उभी आहे, हात वर करून, अक्षरांपर्यंत पोचायचा प्रयत्न करत. रांग लांब होती, पिशव्या उघडून बघत होते, तिची पाण्याची बाटलीसुद्धा बघितली. अर्धा तास उन्हात उभं राहावं लागलं म्हणून जावई कुरकुरत होते. मी त्यांना म्हटलं, उभे राहा.

नमस्कार.