हुकूमनामा हातात, पैसे कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

कोपरखैरणेत आम्ही तीन वर्षं भाड्यानं राहिलो. घर सोडलं, पण डिपॉझिटचे ८०,००० रुपये मालकानं दिलेच नाहीत. बेलापूरच्या कोर्टात दावा लावला आणि निकाल आमच्या बाजूनं लागला. घरी पेढे आले. महिना गेला, दोन गेले. पैशांचा पत्ता नाही. चौकशीला गेले तेव्हा कारकुनानं विचारलं, "दरखास्त टाकलीत का?"

हा शब्द मला तेव्हा नवा होता. हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा लेखी आदेश, झाला म्हणून कोर्ट आपणहून वसुली करत नाही. त्यासाठी अंमलबजावणीचा वेगळा अर्ज लागतो, तीच दरखास्त. ब्रिटिश काळात भारतातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ सालीच म्हटलं होतं की, इथल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षांनंतरही ते खरं ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

दरखास्तीला मुदत १२ वर्षांची. पण थांबू नका. दोन वर्षं उलटली की आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते, आणि तेवढ्यात तो खातं रिकामं करू शकतो.

आता खरी गोष्ट. जप्त काय करायचं, हे आपणच सांगायचं असतं. बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा कर्मचारी, मालमत्ता शोधत फिरत नाही. सासूबाई म्हणत होत्या, घरातलं सामान उचलून आणायला लावा. पण अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना कायद्यानं हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी रात्रभर डोकं खाजवत बसले, आणि मग माझंच पासबुक उघडलं. तीन वर्षं दर महिन्याला भाडं कुठे जात होतं? त्याच्याच खात्यात! बँक, शाखा, खाते क्रमांक, सगळं माझ्याकडे होतं.

वकिलांनी त्या खात्यावर जप्तीचा अर्ज दिला. सोबत, मालकानं आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, अशीही मागणी केली. तो आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. खातं नसेल सापडत, तर फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, काढा. मालकी कुणाच्या नावावर आहे ते त्यात दिसतं.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. आमच्या तारखा त्याहून लांबल्या. प्रत्येक तारखेला मी रजा टाकून गेले, कारण आपण नसलो तर फाईल पुढे सरकत नाही, असं मला वाटू लागलं होतं.

अखेर बँकेनं रक्कम कोर्टात भरली, व्याजासह. ती काढायलाही अर्ज लागला. तो मात्र मी माझ्या हातानं लिहिला.