एका अक्षराचं आडनाव

श्रोतेहो, नमस्कार. आज एका इंग्रजी आडनावाची गोष्ट. आडनाव इतकं दुर्मीळ, की संशोधकांनी ते छापायचं टाळलं आणि नुसतं 'आर' लिहिलं. ते लावणारी माणसंच थोडी. नाव सांगितलं की माणूस ओळखू येणार.

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषाचं वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त पुरुषांच्या पेशींत असणारा आनुवंशिकतेचा धागा, तोही बापाकडूनच मुलाकडे जातो. लक्षात ठेवा, दोघांची वाट एकच. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातले संशोधक हीच वाट तपासत होते. डीएनएचे नमुने देणाऱ्यांत 'आर' आडनावाचे एक गृहस्थ होते. दिसायला गोरे, इंग्रज, घराण्यात कुणी परदेशी असल्याचं कधी ऐकलेलं नाही. आणि त्यांच्या नमुन्यात निघालं ए-वन नावाच्या प्रकारचं वाय! हे तोवर फक्त पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत सापडलं होतं.

मग संशोधकांनी त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधले. अठरा जण तपासले, आणि सात जणांत तेच आफ्रिकी वाय मिळालं. अठरांत सात! बरेचसे एकमेकांना ओळखतही नव्हते. वंशावळी मागे मागे नेल्या, तर दोन शाखा निघाल्या. दोन्ही 1780च्या दशकातल्या, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरपर्यंत पोचल्या आणि तिथे कागद संपले. म्हणजे दोघांचा मूळपुरुष त्याच्याही आधीचा. ही हकीकत 2007 साली प्रसिद्ध झाली. मी ती कितीदा सांगितली असेल, पण त्या सात जणांपाशी आलं की अंगावर काटा येतोच.

इंग्लंडमधल्या चर्चच्या नोंदवह्या 1538 पासूनच्या. त्या कुणीतरी जपल्या म्हणून एवढं तरी कळलं. आपल्याकडे घर रंगवायला काढलं की जुने दाखले आणि लग्नपत्रिका पहिल्या रद्दीत जातात. नका हो देऊ! निदान मागे तारीख घालून एका पिशवीत ठेवा.

असो. तो मूळपुरुष आला कुठून? गुलामांच्या व्यापारातून आणलेला कुणी असेल, किंवा त्याहून फार जुना. रोमन काळात, तिसऱ्या शतकात, इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या मूर सैनिकांची तुकडी होती. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस जन्मला आजच्या लिबियात, आणि 211 साली वारला तो यॉर्कमध्ये, म्हणजे त्याच यॉर्कशायरात.

उरलेल्या अकरा जणांचं वाय वेगळं निघालं. कुठे दत्तक घेतलेला मुलगा असेल, कुठे आईचं आडनाव लावलेला. आडनाव पुढे गेलं, वाय मागे राहिलं.