जगायला गेलेली माणसं

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

संक्रांतीच्या या दिवसांत सोलापूरकराचं मन ह्यूस्टनमध्ये लागत नाही. तिकडे सिद्धरामेश्वरांची यात्रा, मिरवणुकीतले सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, मग गड्ड्यावरच्या जत्रेतली गर्दी. यंदा त्या गर्दीत सीनाकाठची माणसंही असतील. सप्टेंबरात त्यांच्या घरात पाणी होतं. त्यांना आपण काय म्हणायचं, एवढ्याच गोष्टीवर मला आज बोलायचं आहे.

ही गोष्ट माझ्याच चुकीपासून सुरू होते. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत गावंच्या गावं पाण्यानं वेढली गेली. महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. आमच्या जिल्ह्याला टँकरची सवय, पुराची नाही. आपल्या मंडळानं लगेच मदत गोळा करायचं ठरवलं आणि आवाहनाचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, "पुरामुळे निर्वासित झालेल्या कुटुंबांसाठी." माढा तालुक्यातल्या माझ्या आतेभावाला ते वाचायला पाठवलं. त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता, चार दिवस झोप नव्हती त्याला. म्हणाला, "दादा, बाकी समदं बरूबर हाय, पण त्ये निर्वासित तेवढं काढ. आमी काय निर्वासित हाव व्हय? पाणी आलं म्हणून शाळंत जाऊन ऱ्हायलो. पाणी उतरलं की घरलाच जायाचंय की."

मी तो शब्द काढला. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण हेच मी वीस वर्षांपूर्वी याच शहरात ऐकलं होतं.

2005 मध्ये इथे असलेल्यांना आठवत असेल. 29 ऑगस्टला कतरिना वादळ धडकलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. काही दिवसांत तिथल्या सुपरडोम स्टेडियममधून बसेस भरभरून लोक आपल्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आले. आपल्यातले काही जण तिथे जेवण वाढायला जात होते, मीही होतो. टीव्हीवर त्या लोकांना सरसकट 'रेफ्युजी', म्हणजे निर्वासितच, म्हणत होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले एक आजोबा खाटेवर बसून ते ऐकत होते. मला म्हणाले, माझा जन्म याच देशातला, मी कर भरतो, मी सैन्यात होतो, मग मी रेफ्युजी कसा? मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि पुढे गेलो. तेव्हा थांबलो असतो, तर बरं झालं असतं.

त्या शब्दावर मग देशभर वाद झाला. नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी जाहीर आक्षेप घेतला. पाण्यात अडकलेले बहुतेक लोक काळे आणि गरीब होते, आणि आपल्याच देशात त्यांना परकं ठरवलं जातंय, असं त्यांचं म्हणणं होतं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनाही सांगावं लागलं की हे रेफ्युजी नाहीत, अमेरिकन आहेत. वॉशिंग्टन पोस्ट आणि बोस्टन ग्लोबनं शब्द वापरणं थांबवलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं मात्र योग्य वाटेल तिथे तो ठेवला. आसरा शोधायला निघालेल्याला रेफ्युजी म्हणण्यात गैर ते काय, असा त्या बाजूचा विचार होता आणि शब्दकोश त्यांच्या बाजूनं होता. 'इव्हॅक्युई' हा शब्द पुढे आला, पण ज्याला न्यायला कुणी आलंच नाही, जो छपरावर बसून राहिला, त्याला 'सुरक्षित हलवलेला' म्हणणं हेही खरं नव्हतं.

मराठीतला 'निर्वासित' आपल्या कानात 1947 पासून बसला आहे. उल्हासनगरच्या छावण्यांत आलेली सिंधी कुटुंबं म्हणजे निर्वासित. त्या काळी दिल्लीकडे आलेल्या पंजाबी लोकांनाही 'शरणार्थी' हा शब्द खुपला. आम्ही कुणाला शरण आलेलो नाही, आम्हाला 'पुरुषार्थी' म्हणा, असं ते म्हणत. सगळं गमावल्यावरही माणसानं एका शब्दासाठी भांडावं, याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. दुसरं काही हातात उरलेलंच नसतं.

कायद्याचीही बाजू आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे रेफ्युजी तो, जो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मतामुळे छळ होईल या रास्त भीतीनं स्वतःच्या देशाबाहेर आहे. पूर, भूकंप, दुष्काळ त्यात बसत नाहीत. 1998 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत देशातल्या देशात घर सोडावं लागलेल्यांचा विचार झाला आणि त्यात नैसर्गिक आपत्ती स्पष्ट लिहिल्या गेल्या. त्यांच्यासाठी 'अंतर्गत विस्थापित' असा शब्द आला. पण समुद्रच देश गिळायला निघाला तर? किरिबाटी या बेटांवरचे इओआने तैतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये आसरा मागितला. 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला आणि त्यांना परत पाठवलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं 2020 मध्ये तो नकार बेकायदा ठरवला नाही. पण हवामान बदलामुळे जीवच धोक्यात येणार असेल तर माणसाला तिथे परत धाडता येणार नाही, हे तत्त्व मान्य केलं. म्हणजे माझ्या आतेभावाला जो शब्द नको, तोच मिळावा म्हणून किरिबाटीचा माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढतो. दोघांचंही बरोबर आहे. दोघांनाही दुसऱ्यानं परस्पर ठरवलेलं नाव मान्य नाही.

आपल्याकडचा सरकारी शब्द 'ग्रस्त'. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, भूकंपग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. हा ग्रहणाचा शब्द आहे. ग्रहण लागतं तसं सुटतंही. लहानपणी आमच्या गल्लीत ग्रहणात "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी यायची आणि आई पसाभर ज्वारी घालायची. पण पंचांगात 'ग्रस्तास्त' असाही एक शब्द आहे, ग्रहण सुटण्याआधीच सूर्य किंवा चंद्र मावळतो त्यासाठी. काही माणसांचं तसंच होतं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून सगळे नुकते झोपले होते. किल्लारी सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर, पण आमच्या घरातली भांडीही खडखडली. दुपारपर्यंत जखमी सोलापुरात यायला लागले. मी कॉलेजात होतो, मित्रांबरोबर रुग्णालयात स्ट्रेचर उचलायला गेलो. सास्तूरच्या बाजूची एक बाई होती, तिच्या मनगटाला चिठ्ठी बांधलेली, त्यावर 'भूकंपग्रस्त' आणि पुढे आकडा. घाईत तेवढंच लिहून झालं असेल, मी कुणाला दोष देत नाही. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःचं, नवऱ्याचं आणि गावाचं नाव सांगत होती. पुन्हा पुन्हा, न विचारता.

पुढे 52 गावं नव्या जागी वसली. 'भूकंपग्रस्त' या दाखल्यावर सरकारी भरतीत 2 टक्के जागा राखीव झाल्या. त्या दाखल्यानं कित्येक पोरं नोकरीला लागली. म्हणून हा शब्द टाकून द्या असं मी म्हणणार नाही. कागदावर तो हवाच, कारण कागदावर शब्द नसेल तर पैसा नसतो. याच पुरात शेतकरी 'ओला दुष्काळ' जाहीर करा म्हणत होते. नियमावलीत अशी संज्ञाच नाही, असं मुख्यमंत्री फडणवीस यांनी सांगितलं आणि दुष्काळातल्या सवलती लागू केल्या. तरी लोक त्या दोन शब्दांसाठी अडून राहिले. नुसत्या अतिवृष्टीत त्यांचं दुःख मावत नव्हतं. उभं सोयाबीन कुजलं, मातीच खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. त्याला काय म्हणायचं?

माझी आत्या उजनीत बुडालेल्या गावाची. नवीन जागी त्यांच्या वस्तीचं नावच 'पुनर्वसन' पडलं. शेजारच्या गावातले आजही म्हणतात, "ती पुनर्वसनातली माणसं." धरण भरून चाळीसहून जास्त वर्षं झाली. आत्यानं स्वतःला कधी धरणग्रस्त म्हटलं नाही. ती म्हणते, "आमचं गाव उठलं." बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारलं की म्हणते, "तवा आमी जगायला गेलतो." पाणी शिरलं, गाव उठलं, जगायला गेलो. सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, दरसाल आमच्याकडून टोळ्या ऊसतोडीला जातात, आणि आपणही इथे आलो. या सगळ्याला आमच्याकडे एकच क्रियापद आहे. जगायला गेलेला माणूस परतू शकतो, किंवा गेला तिथला होऊ शकतो. 'ग्रस्त' आणि 'निर्वासित' माणसाला घट्ट चिकटतात, नातवंडांपर्यंत पोचतात.

इथल्या त्या आजोबांना मी त्यांचं गाव विचारायला हवं होतं. न्यू ऑर्लिन्समधली कुठली गल्ली, कुठलं घर. ते राहून गेलं.

आतेभावानं सुचवल्याप्रमाणे आवाहन आता असं आहे, "सीनेच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्या गावकऱ्यांसाठी." खाली सगळ्या गावांची नावं आहेत, एकही 'इत्यादी'त ढकललेलं नाही. घरं अजून पुरती उभी राहिलेली नाहीत, जनावरांचे गोठे बाकी आहेत, मुलांची वह्या-पुस्तकं नव्यानं घ्यायची आहेत. चिठ्ठ्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर एक गाव आहे. ते वाचून मगच उचला.